दुरुस्ती कुणाची? फ्लॅशवरची नारंगी पन्नी, सेवाग्रामचा उजेड आणि कागदांचे रंग

१/ या धाग्याचा विषय वरकरणी अगदी किरकोळ आहे: कॅमेऱ्याच्या फ्लॅशवर रबरबँडने बांधलेली, घरी केलेली नारंगी पन्नी. मी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी. छायाचित्रण हा माझा व्यवसाय नव्हे. तरीही गेली दोन वर्षे वर्धा जिल्ह्यातल्या गावांत जुने कागद टिपत हिंडताना माझ्या झोळीतली सर्वांत उपयोगी वस्तू हीच ठरली. इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती एकदा तरी स्वतःच्या हाताने करून पाहावी, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी सेवाग्रामला जावे लागेल.

२/ ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. पुढे १९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमाच्या कार्यालयात काम करणाऱ्यांत गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा होता, कनू गांधी. जन्म १९१७ चा. म्हणजे त्या काळी माझ्याहूनही लहान. विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांनी त्याला सुचवले की, बापूंची छायाचित्रे तू काढ. कनूने कॅमेऱ्यासाठी पैसे मागितले. बापूंनी नकार दिला. अखेर घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांतून कॅमेरा आणि फिल्म आली.

३/ परवानगी मिळाली, पण तीन अटींवर. पहिली: फ्लॅश वापरायचा नाही. दुसरी: बापूंना कधीही ‘असे बसा, तसे पाहा’ म्हणायचे नाही. तिसरी: आश्रमाच्या पैशातून या छंदाला एक पैसाही मिळणार नाही. या तीन अटींच्या चौकटीत कनू गांधींनी १९३८ ते १९४८ अशी दहा वर्षे काम केले. कुष्ठरोगाने ग्रासलेल्या परचुरेशास्त्रींची शुश्रूषा करणारे बापू आपल्याला ठाऊक आहेत, ते त्यांच्या कॅमेऱ्यामुळे.

४/ या अटींकडे आपण सहसा ‘बापूंचा साधेपणा’ म्हणून पाहतो आणि पुढे जातो. मला त्या क्षेत्रकार्याची आचारसंहिता वाटतात. ज्याची नोंद घ्यायची त्याच्या आयुष्यात झगझगाट करू नये. त्याला आपल्या सोयीने बसवू नये. आणि आपल्या नोंदीचा खर्च त्याच्या माथी मारू नये. मौखिक इतिहासाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातले पहिले प्रकरण या तीन वाक्यांत मावेल.

५/ अर्थात, अटींची किंमतही होती. त्या काळच्या फिल्मची संवेदनशीलता आजच्या तुलनेने फार कमी. मातीच्या भिंती, बुटकी खिडकी, कवेलूंचे छप्पर. आत उजेड तो किती असणार? कनूंची काही चित्रे अंधुक आहेत, काही हललेली, काही दाणेदार. आणि जे दिवस मावळल्यावर घडले, त्यातले बरेच कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर राहणे साहजिकच होते. एखाद्या संग्रहात काय आहे, हे वाचताना तो कोणत्या उजेडात जमला हेही वाचावे लागते. जे दिसत नाही ते घडलेच नव्हते, असे नसते.

६/ याच्या शेजारी दुसरे प्रसिद्ध चित्र ठेवू. १९४६ साली पुण्यात मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी टिपलेले, चरख्यापलीकडे बसलेल्या गांधीजींचे. त्यांना आधी सूत कातायला शिकावे लागले. दिवस मौनाचा होता. आणि फ्लॅशचे बल्ब मोजून तीन वापरायची मुभा मिळाली. पहिले दोन वाया गेले. तिसरा साधला. विसाव्या शतकातल्या सर्वाधिक ओळखीच्या चित्रांपैकी एक त्या एका उरलेल्या बल्बवर उभे आहे.

७/ ‘बल्ब मोजून तीन’ ही अट आज विचित्र वाटेल; म्हणून फ्लॅशचा इतिहास थोडक्यात. १८८७ मध्ये जर्मनीत मीते आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची चमकपूड तयार केली. ती पेटवली की डोळे दिपवणारा भडका उडे आणि खोली धुराने भरे. १९३० च्या सुमारास काचेत बंद केलेला फ्लॅशबल्ब आला. धूर गेला, पण बल्ब एकदा जळला की संपला. पुढे पुन्हा पुन्हा चमकणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला आणि मोजून वापरण्याची सवय गेली.

८/ या कथेत आपल्या पन्नीचे पूर्वज दडलेले आहेत. फ्लॅशबल्बचा उजेड सूर्यप्रकाशाहून पिवळसर असे. रंगीत फिल्म प्रचारात आल्यावर हा पिवळेपणा चित्रात उठून दिसू लागला. मग कारखान्यांनी बल्बच्या काचेवर निळ्या लाखेचा थर द्यायला सुरुवात केली. निळा थर पिवळा-तांबडा भाग अडवतो आणि उरलेला उजेड दिवसाच्या उजेडाशी जुळतो. उजेडाच्या वाटेत रंगीत पडदा धरून त्याचा रंग बदलायचा, हेच ते तत्त्व.

९/ जरा शास्त्र. उजेडाचा रंग केल्विन या एककात सांगतात. मेणबत्ती किंवा समईची ज्योत साधारण १९०० केल्विन, घरातला जुना पिवळा बल्ब २७०० ते २८००, दुपारचे ऊन आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅश सुमारे ५५००. आकडा जितका लहान तितका उजेड तांबूस, जितका मोठा तितका निळसर. आपला डोळा हा फरक सतत सावरून घेतो: समईच्या उजेडातही आपल्याला धोतर पांढरेच दिसते. कॅमेऱ्याला सावरायला सांगावे लागते. त्या सांगण्याला ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणतात.

१०/ अडचण येते ती दोन उजेड एकत्र आल्यावर. खोलीत पिवळा बल्ब, हातात फ्लॅश. कॅमेऱ्याला फ्लॅशचा उजेड ‘पांढरा’ म्हणून सांगितला, तर बल्बने उजळलेला भाग भगवा दिसतो. बल्बचा पांढरा म्हणून सांगितला, तर फ्लॅशने उजळलेला भाग निळा पडतो. संगणकावर नंतर सरकवायची पट्टी एकच असते. ती संपूर्ण चित्राला लागू होते. एकाच कागदावर दोन रंगांचे उजेड वेगवेगळ्या प्रमाणात पडले असतील, तर एका पट्टीने ते वेगळे करता येत नाहीत.

११/ हे मी पुस्तकातून शिकले नाही. देवळी तालुक्यातल्या एका घरात, लाकडी पेटीत, सूतकताईच्या नोंदींची एक वही होती. तारीख, नाव, गुंड्या, वजन. घरातल्यांना मी दुपारी येऊ का, असे विचारले, तर आजोबा हसले: “दिवसा समदे वावरात रायते, पोरी. सांजीले येजो.” म्हणून संध्याकाळी गेले. आतल्या खोलीत एकच पिवळा बल्ब. वही बाहेर नेऊ नये, ही त्यांची इच्छा. ती मला मान्यच होती. मी फ्लॅश लावला आणि ४० पाने टिपून परतले.

१२/ त्या चित्रांवरून मी प्रबंधाच्या मसुद्यात आत्मविश्वासाने लिहिले की, सर्व नोंदी एकाच हाताच्या, एकाच वेळी केलेल्या आहेत. मार्गदर्शक सरांनी एकच प्रश्न विचारला: “शाई कोणती?” मी चित्रे पुन्हा उघडली. उजवीकडून बल्बचा पिवळेपणा, समोरून फ्लॅशचा निळेपणा, आणि त्यावर कॅमेऱ्याने स्वतःच्या मनाने केलेली सरासरी. सगळे अक्षर एकाच निळसर-करड्या छटेत बुडालेले. मला उत्तर देता येईना.

१३/ आणि तेव्हा मला आठवले की, वही हातात असताना वजनाच्या रकान्यात काही आकडे जांभळे दिसले होते. जांभळी म्हणजे कॉपिंग पेन्सिल: जी ओली झाली की शाईसारखी उमटते आणि खोडता येत नाही. म्हणजे निळ्या शाईतल्या मूळ नोंदीवर नंतर कुणीतरी दुसऱ्या साधनाने फेरफार केला असण्याची शक्यता होती. वजन कुणी बदलले? वाढवले की घटवले? मजुरी वजनावर ठरत असेल, तर हा प्रश्न किरकोळ नव्हता. कातणाऱ्या बायांच्या हातात किती पैसे पडले, याचा तो प्रश्न होता.

१४/ चार महिन्यांनी पुन्हा गेले. घरकुल मंजूर झाले होते. जुने मातीचे घर पाडले होते. पेटी पावसाळ्यात अंगणात राहिली, कागदांचा लगदा झाला, तो फेकून दिला गेला. घरच्यांना वाईट वाटले ते माझ्यासाठी. त्यांचा काही दोष नव्हता. पक्के घर ही त्यांची कैक वर्षांची गरज होती. वही आता फक्त माझ्या ४० चित्रांत आहे, आणि त्या चित्रांत रंग नाही. प्रबंधातून ते वाक्य मी काढून टाकले. त्या जागी लिहायला माझ्याकडे दुसरे वाक्य नाही.

१५/ म्हणून पन्नी. कल्पना सोपी आहे: खोलीतला बल्ब बदलता येत नसेल, तर फ्लॅशचा उजेड बल्बसारखा करायचा. फ्लॅशवर नारंगी पडदा धरला की त्यातला निळा भाग अडतो, उजेड पिवळसर होतो आणि खोलीतल्या उजेडात मिसळतो. आता दोन्ही उजेड एका रंगाचे. कॅमेऱ्याला ‘हा पांढरा’ असे एकदा सांगितले की संपूर्ण पान खऱ्या रंगांत येते. निळी शाई निळी, जांभळी पेन्सिल जांभळी.

१६/ अशा पडद्यांना छायाचित्रकार आणि नाटकवाले आजही ‘जेल’ किंवा ‘जिलेटिन’ म्हणतात. कारण पूर्वी ते खरोखरच रंगवलेल्या जिलेटिनचे असत. १९०६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये रॅटन यांच्या कंपनीत केनेथ मीस यांनी मोजूनमापून रंगवलेले जिलेटिनचे फिल्टर तयार केले. १९१२ मध्ये कोडॅकने ती कंपनी घेतली. त्यांचे क्रमांक अजून वापरात आहेत. आज रंगमंचावरची ‘जिलेटिने’ पॉलिएस्टरची असतात. नाव मात्र टिकले. शब्द वस्तूपेक्षा चिवट असतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

१७/ मी पहिला प्रयोग हट्टाने घरच्या वस्तूंतून केला. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद आमच्या जिल्ह्याचा अभिमान. तिला भौगोलिक मानांकनही आहे. हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, स्पिरिटमध्ये उतरतो. तो अर्क गाळून, कोमट पाण्यात विरघळवलेल्या खाण्याच्या जिलेटिनमध्ये मिसळला, तेल पुसलेल्या काचेवर पातळ ओतला आणि सावलीत वाळू दिला. दुसऱ्या दिवशी काचेवरून पिवळी, पारदर्शक पन्नी सोलून निघाली. तो आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

१८/ चाचणी घेतली तर कागद हिरवट! कारण हळद निळा भाग छान अडवते, पण हिरव्याला जवळपास हात लावत नाही. बल्बसारखा उजेड हवा असेल, तर हिरवाही थोडा अडवावा लागतो. म्हणजे पिवळ्यात तांबडे मिसळावे लागते. उत्तर देवघरातच होते. हळदीला चुन्यासारख्या क्षाराची संगत मिळाली की ती लाल होते. पारंपरिक कुंकू असेच करतात. अर्काच्या एका भागात चुन्याच्या निवळीचे थेंब टाकले, दोन पन्न्या केल्या आणि एकावर एक ठेवल्या. हळदीला कुंकवाची जोड मिळाली आणि कागद पांढरा दिसला.

१९/ पण हा विजय अल्पायुषी ठरला. हळदीचा रंग उन्हात उडतो, हे कुठलीही गृहिणी सांगेल. क्षारात लाल झालेला तर आणखी लवकर बिघडतो. खिडकीजवळ ठेवलेली जोडी काही आठवड्यांतच फिकी पडली. पन्नी कोणत्या दिवशी किती फिकी होती, याची नोंद नसेल, तर तिने दुरुस्त केलेल्या चित्राचा रंगही संशयास्पद. उपकरणाचेही वय लिहून ठेवावे लागते, हा धडा मला फिक्या पडलेल्या हळदीने दिला.

२०/ आणखी एक गोष्ट या प्रयोगात मनात राहिली. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून, कातड्यापासून होते. छायाचित्राच्या फिल्मवरचा थरही जिलेटिनचाच. म्हणजे अहिंसेच्या पुजाऱ्याचे त्या काळचे जवळजवळ प्रत्येक छायाचित्र जिलेटिनच्या थरात जपले गेले आहे. यावरून कुणाला टोमणा मारायचा नाही. माध्यम कधीच निरागस नसते, एवढेच. मी नंतर चायना ग्रासची पन्नी करून पाहिली. ती होते, पण जराशी धूसर. फ्लॅशचा उजेड पसरवायला बरी, रंगासाठी नाही.

२१/ शेवटी स्थिरावले ते साध्या उपायावर. नाटकाच्या दिव्यांची नारंगी जिलेटिने कापताना कडेच्या पट्ट्या उरतात. तशी एखादी मिळाली तर उत्तम. नाहीतर भेटवस्तूला गुंडाळतात ती नारंगी आणि पिवळी पन्नी, दोनतीन थरांत. पट्टी जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायची आणि रबरबँडने फ्लॅशवर धरायची. फ्लॅशच्या काचेला चिकटवू नये, थोडी फट ठेवावी. लागोपाठ चमकवल्यास काच तापते आणि पन्नी वितळू शकते.

२२/ जुळवणी अशी करावी. खोलीतल्या बल्बखाली एक कोरा पांढरा कागद ठेवून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स त्यावर बांधून घ्यावा. मग तोच कागद पन्नी लावलेल्या फ्लॅशने टिपावा. निळा दिसला तर एक थर वाढवा. पिवळा किंवा लाल दिसला तर कमी करा. हिरवट दिसला तर तांबूस छटेची पन्नी जोडा. ट्यूबलाइटचे गणित वेगळे: तिच्या उजेडात हिरवा भाग जास्त असतो, तेव्हा फ्लॅशवर हलकी हिरवी पन्नी लागते.

२३/ हिशेब आवडणाऱ्यांसाठी: दहा लाखाला केल्विनच्या आकड्याने भागले की ‘मिरेड’ मिळतात. फ्लॅश ५५०० म्हणजे सुमारे १८२. स्टुडिओचा ३२०० केल्विनचा दिवा म्हणजे सुमारे ३१२. फरक १३०. घरातला २७०० चा बल्ब म्हणजे ३७०. फरक जवळपास १९०. म्हणजे स्टुडिओसाठी जी एक पूर्ण नारंगी पन्नी पुरते, ती आपल्या घरच्या बल्बला पुरत नाही. वर अर्धी आणखी लागते. बाजारातल्या वस्तूचे माप आपल्या खोलीचे नसते. म्हणूनही घरी करायची.

२४/ आता मूळ मुद्दा. या क्रियेला ‘रंगदुरुस्ती’ म्हणतात. दुरुस्ती नेमकी कुणाची होते? खोलीची नव्हे, फ्लॅशची. पाहुणा म्हणून आलेला उजेड घरच्या उजेडाशी जुळवून घेतो. मला यात कनू गांधींच्या पहिल्या अटीचा आजचा अर्थ सापडतो. फ्लॅश टाळता आला तर टाळावाच. ओसरीत, सावलीत, दिवसाउजेडी टिपलेल्या पानाला तोड नाही. अभिलेखागारात फ्लॅशला बंदी असते, ती मी पाळते. पण जिथे संध्याकाळच आपल्या वाट्याला येते, तिथे निदान आपला झगझगाट घरावर लादू नये.

२५/ घरच्या उजेडाला स्वतःचाही इतिहास आहे. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्यात पडले. कुमारप्पांच्या मार्गदर्शनाखाली मगनवाडीत जे प्रयोग झाले, त्यांत ‘मगनदीप’ होता: रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा कंदील. रॉकेलसाठी गावाबाहेर जाणारा पैसा गावात राहावा, हा त्यामागचा विचार. कंदिलापासून पिवळ्या बल्बपर्यंत, आणि २०१५ पासून ‘उजाला’ योजनेतल्या पांढऱ्या एलईडीपर्यंत, गावच्या रात्रीचा रंग कितीदा तरी बदलला. तो बदल कुणी नोंदवला? आपली चित्रे तो नोंदवू शकतात, जर आपण तो पुसला नाही तर.

२६/ एक आक्षेप मी नेहमी ऐकते: “मजकूर वाचता आला की झाले, रंगाचे एवढे काय?” जुन्या घरांतली कुटुंबचित्रे आठवा. लाल रंग न ओळखणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर कुंकू काळे उमटे. हे ठाऊक नसलेला अभ्यासक त्या काळ्या टिळ्यावरून काय काय निष्कर्ष काढील! कागदाचा पिवळेपणा, शाईचा फरक, शिक्क्याचा लाल की जांभळा, खादीचा धुतलेला पांढरा की कोरा साईसारखा: हे सगळे पुरावेच आहेत. ‘मजकूर’ म्हणजे फक्त अक्षरे, हा समजच मला चुकीचा वाटतो.

२७/ दुसरा आक्षेप: “हे तंत्रज्ञांचे काम.” मोठ्या संस्थांत ते खरे असेल. पण वर्धा जिल्ह्यातल्या पेट्यांपर्यंत तंत्रज्ञ पोचत नाही. पोचते ती बसने आलेली, उसना कॅमेरा घेतलेली विद्यार्थिनी. आणि तिला मिळते ती एकच संध्याकाळ. आमच्या अभ्यासक्रमात मोडी वाचायला शिकवतात, दस्तऐवजाची बाह्य व आंतर चिकित्सा शिकवतात. पण दस्तऐवजाचे चित्र आपण स्वतः घेतो तेव्हा एक नवा दस्तऐवज जन्माला घालतो, त्याची चिकित्सा कुणी शिकवत नाही.

२८/ तिसरा मुद्दा थोडा कडवट. हल्ली समाजमाध्यमांवर जुनी कृष्णधवल चित्रे संगणकाने रंगीत करून फिरवतात. सेवाग्रामची चित्रेही त्यातून सुटलेली नाहीत. भिंतीचा रंग, शालीचा रंग, मातीचा रंग: सगळा अंदाज. चित्र सुंदर होते, शेअर होते आणि मग अंदाजच स्मरण बनतो. मी बंदीची मागणी करत नाही. पण ‘रंग काल्पनिक आहेत’ एवढे चार शब्द चित्रावर लिहिणे अशक्य आहे का? कृष्णधवल चित्र निदान आपल्याला रंग ठाऊक नाही हे कबूल करते. ती कबुली पुसण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

२९/ म्हणून माझ्या मागण्या तीन, आणि तिन्हीला मिळून एका चहाचा खर्च. एक: क्षेत्रकार्यात प्रत्येक चित्रसंचाच्या पहिल्या चौकटीत कोरा पांढरा कागद आणि मोजपट्टी असावी. दोन: वहीत तारखेशेजारी उजेड लिहावा, बल्ब की ट्यूब, खिडकी कोणत्या दिशेला, फ्लॅशवर पन्नी कोणती. तीन: पदव्युत्तर वर्गात एक दुपार या कामासाठी द्यावी, आणि विद्यार्थ्यांनी पन्नी विकत न आणता करून पाहावी. करताना चुकते, आणि चुकले की उजेड दिसू लागतो.

३०/ परवा सेलू तालुक्यातल्या एका घरी गेले होते. हिशेबाची जुनी वही, संध्याकाळ, पिवळा बल्ब. पन्नी बांधून पहिले चित्र घेतले, ते पडद्यावर काकूंना दाखवले. त्या वाकून बघत म्हणाल्या, “हे तं आमच्याच खोलीतलं दिसते!” याहून मोठा शेरा मला नको. देवळीच्या वहीतले जांभळे आकडे मात्र परत येणार नाहीत. ती ४० चित्रे मी ‘रंग अविश्वसनीय’ असे लिहून जपून ठेवली आहेत. पुढे कुणी ती वाचलीच, तर निदान माझी चूक त्याला वाचता यावी.

३१/ धागा इथे संपतो. आपल्या घरी जुन्या वह्या, पावत्या, पत्रे असतील, तर या सुट्टीत त्यातले एक पान ओसरीत नेऊन, सावलीत, शेजारी कोरा कागद ठेवून टिपा आणि मागे तारीख लिहा. घर पाडण्याआधी, पेटी हलवण्याआधी. आणि माझ्या मांडणीत चूक दिसली तर निःसंकोच सांगा. दुरुस्ती माझीही व्हायला हवी.

#इतिहास #वर्धा #सेवाग्राम #छायाचित्रण #मराठी